समुद्रापर्यंत गेलेली आंब्याची बाग

रिफाच्या पलीकडे

“म्हंजे माझ्या पोरीने करायचा काय, तां मना एकदा सांगा. ही बाई म्हणते विषय कमी कर. हा म्हणतो विषय कमी केलेस तर फीची सवलत गेली. नि तो तिसरा म्हणतो आधी नोकरी धर. तीन टेबलां, तीन तोंडां. माझी पोर एकच हाय.”

हा आवाज इतका खणखणीत होता, की कॉलेजच्या काचेच्या भिंतीपलीकडे बसलेलं एक कबूतर उठलं आणि थेट सौदीला गेलं. मी स्वतः पाहिलं. सौदीला जाणाऱ्या समुद्रावरच्या पुलाचा टोलसुद्धा भरला नाही त्याने.

मी दारात उभा होतो. एका हातात स्वागताचा खजूर आणि डोक्यात त्याची बी कुठे टाकायची हा विचार. आणि मग मला कळलं, की बहारीनमध्ये, रिफा शहराच्या पलीकडे वाळूच्या काठावर बांधलेल्या या चकचकीत कॉलेजात, जे भांडण चाललंय ते अरबीत नाही, हिंदीत नाही, ते आमच्या दापोली तालुक्यातल्या मराठीत आहे. परदेशात गावचा माणूस भेटला की लोक त्याच्या गळ्यात पडतात. मला गावचं भांडण भेटलं, आणि मी त्याच्या गळ्यात पडलो.

भांडणाऱ्या बाईंचं नाव जैतूनबी. काळा बुरखा, हातात डब्याची पिशवी. समोर फी आणि मदत-निधीच्या टेबलावर बसणारा युसूफ, पांढराशुभ्र पायघोळ तोब घातलेला बहारीनी तरुण. त्याला एक शब्द कळत नव्हता आणि सगळं कळत होतं. बाजूला जैतूनबींची मुलगी सुफिया, हिशेबाच्या डिप्लोमाचं पहिलं वर्ष संपवलेली. ती फरशीकडे अशी बघत होती, की फरशी उघडली तर बरं.

मी मागून म्हणालो, “बाई, जरा दमाने. दाभोळपर्यंत ऐकू जातंय.”

त्या गर्रकन वळल्या. “तुम्ही कुठले?”

“दापोलीचा. कॉलेजात शिकवतो.”

त्यांच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला, आणि त्याच्या मागोमाग आणखी काहीतरी आलं. आनंद मला दिसला. दुसरं दिसायला पुढे एक मोठा घोटाळा व्हावा लागला.

आता मी तिथे काय करत होतो ते सांगतो. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात ‘विद्यार्थी मदत केंद्र’ आहे. त्याला तीन खिडक्या आहेत : शिष्यवृत्ती, अभ्यास आणि रोजगार. तिन्ही खिडक्यांमागे मीच बसतो, चाकाच्या खुर्चीवरून सरकत. शिष्यवृत्तीच्या खिडकीतून मुलाला सांगतो, अभ्यासाच्या खिडकीवरून सही आण. तो तिकडे पोचायच्या आत मी सरकून तिकडे जातो आणि सांगतो, साहेब जेवायला गेलेत. माझी शपथ, एका मुलाने मला तीन वेगवेगळी माणसं समजून तिघांनाही दिवाळीचा फराळ आणला होता.

माझा जुना विद्यार्थी इक्बाल बहारीनमध्ये एका व्यापाऱ्याच्या गोदामात स्टोअरकीपर आहे. त्याने आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना कळवलं, की इथे दोन वर्षांचे डिप्लोमे देणारं एक कॉलेज आहे आणि तिथे नोकरी, पैसा आणि अभ्यास या तिन्हींची मदत एकाच टेबलावर आणणार आहेत. अध्यक्षांना ‘एकच टेबल’ हे शब्द फार आवडले. त्यांच्या मेहुण्याचं फर्निचरचं दुकान आहे. तिकीट इक्बालने काढलं, आणि मी निघालो.

कॉलेजच्या संचालिका डॉ. मरियम. उंच, शांत, बोलताना समोरच्याच्या भुवयांकडे बघणाऱ्या. आमची ओळख होताच मी माझी ठेवणीतली गोष्ट सांगितली : आमच्याकडे एकदा बिबट्या आला, शिष्यवृत्तीच्या रांगेत सकाळपासून बसला, संध्याकाळी कंटाळून निघून गेला. आमच्या तालुक्यात या गोष्टीवर माणसं खुर्चीवरून पडतात.

डॉ. मरियम यांनी विचारलं, “त्याच्याकडे कोणता कागद कमी होता?”

हसल्या नाहीत. मला तर अजून ठरवता आलेलं नाही, की ती थट्टा होती की चौकशी.

मग त्यांनी सुफियाचं सांगितलं. वडील ड्रायव्हर होते, पाठ गेली, कंपनीने गोदामात बसवलं आणि पगार उतरला. मुलगी एका विषयात अडकली आहे. तिला कॉलेज सोडून सीफ भागातल्या एखाद्या मॉलमध्ये पूर्ण वेळ कामाला लागायचंय. रविवारी पुढच्या वर्षाची नोंदणी बंद होते. तोवर ती नाव घालेल, नाहीतर काढेल. नवीन टेबलावरची पहिली बैठक तिचीच होती, गुरुवारी. आईने स्वतःच्या भाषेत बोलावं अशी संचालिकांची इच्छा. दुभाषा हवा होता.

“उस्ताद, तुम्ही बसाल?”

मी असा ताठ झालो की माझी उंची दोन बोटं वाढली. अजून उतरलेली नाही.

जुफैर

इक्बालने माझी सोय जुफैरला केली होती, सुट्टीवर गेलेल्या त्याच्या मित्राच्या फ्लॅटमध्ये. “सर, माझ्या घरी पोरांच्या परीक्षा. तिथे तुम्हाला शांतता मिळेल.”

शांतता मिळाली. इतकी मिळाली की पुरून उरली. इमारत एवढी उंच, की माझ्या मजल्यावरून खाली बघितलं तर मोटारी दिसत नाहीत, मोटारींची इच्छा दिसते. लिफ्टमध्ये रोज माणसं भेटायची. जवळच्या परदेशी नौदल तळावरचे केस बारीक कापलेले गोरे, फिलिपिनो मुली, एक मोठा कुत्रा. सगळे दरवाज्याच्या वरच्या आकड्यांकडे बघत. आमच्याकडे एसटीच्या थांब्यावर एवढा वेळ दोन माणसं शेजारी उभी राहिली तर एकाच्या पोरीचं लग्न दुसऱ्याच्या भाच्याशी ठरतं. मी कुत्र्याला गुड मॉर्निंग म्हणालो. त्यानेही आकड्यांकडे बघितलं.

रस्त्यावर चालणारा मी एकटाच. बाहेर पडलं की चष्म्यावर वाफ बसायची, आणि मी पुसेपर्यंत एखादा टॅक्सीवाला थांबून विचारायचा, की काही झालंय का. माणूस पायी चालतोय म्हणजे नक्की काहीतरी झालं असणार.

खाण्याचं मात्र विचारू नका. पहिल्या सकाळी खालच्या हॉटेलात ‘बलालीत’ मागवलं. गोड शेवया आल्या, वेलची, केशर, अगदी आपल्या सणाच्या. चमचा घातला तर त्यावर पांघरूण म्हणून अंड्याचं ऑम्लेट. लक्ष्मीपूजनाच्या ताटात कोणी कोंबडी सोडावी तसं मला झालं. पण दुसऱ्या घासाला पटलं आणि तिसऱ्याला मी सगळ्या बहारीनला माफ केलं. हे कोणाला तरी ताबडतोब सांगायला हवं होतं. समोरच्या टेबलावर एक म्हातारा होता. मी त्याला खुणेने सांगायचा प्रयत्न केला, शेवया, कोंबडी, लक्ष्मी. त्याने आपली खुर्ची थोडी फिरवून घेतली.

संध्याकाळी इक्बाल येणार होता. त्याचा मेसेज आला : सर, शिफ्ट लांबली, इंशाल्ला उद्या. मी गॅलरीत उभा राहिलो. समुद्र होता, पण आपल्यासारखा नाही. लाटच नाही. परातीत पाणी ओतून ठेवल्यासारखा.

तुम्हाला वाटेल, एवढा बडबड्या माणूस, याला एकटेपण कसलं? माझी पंचाईत उलटी आहे. मी बोलतो ते चौपट असतं, हे गावात सगळ्यांना माहीत. बायको असताना ती मधूनच म्हणायची, चाराने भागा हो. लोक भागायचे, हसायचे, आणि राहिलेलं खरं घरी न्यायचे. ती गेल्यापासून मी चौपट बोलतो आणि चौपटच राहतो.

त्या संध्याकाळी मी दापोलीच्या घरी फोन लावला. आमच्याकडे अजून वायरचा फोन आहे. उचलायला कोणी नाही हे मला माहीत होतं, कुलूप मीच लावलं होतं. तरी बराच वेळ वाजू दिला. बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या बाजूला तो कसा वाजत असेल ते मला दिसत होतं.

एकच टेबल

गुरुवारी टेबल पाहिलं. गोल, नवं, कडेला प्लास्टिकचं आवरण तसंच. आमच्या अध्यक्षांच्या मेहुण्याने बघितलं असतं तर डोळे भरून आले असते.

अभ्यासाच्या बाजूने ग्रेस नावाच्या फिलिपिनो बाई, ज्यांनी विषय कमी करायला सांगितलं होतं. पैशाच्या बाजूने युसूफ. नोकऱ्यांच्या बाजूने थॉमस, केरळचे, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. मध्ये डॉ. मरियम. समोर जैतूनबी आणि सुफिया, आणि जैतूनबींच्या शेजारी मी. बिनदुधाची, वेलचीची पिवळसर कॉफी फिरली, भातुकलीच्या वाटीएवढ्या कपातून.

डॉ. मरियम म्हणाल्या, “आईंनी मोकळेपणाने सांगावं. घरची परिस्थिती काय आहे, म्हणजे आम्ही तिघं मिळून एकच मार्ग काढू.”

मी मराठीत सांगितलं. जैतूनबींनी टेबलाभोवती सगळ्यांकडे बघितलं. शेवटी माझ्याकडे बघितलं, आणि पदर सावरल्यासारखा बुरखा सावरला.

“अल्लाचा फजल हाय,” त्या म्हणाल्या. “काय कमी नाय. गावाला घर हाय, जांभ्या दगडाचा. आंब्याची बाग हाय. शंभर कलमां.”

दोन दिवसांपूर्वी कॉरिडॉरमध्ये हीच बाई ओरडत होती, आणि मला शंका यायला हवी होती. पण आमच्याकडचा शिष्टाचार तुम्हाला माहीत असेल. कोणी आपल्या घराची बढाई केली, की शेजारच्याने गप्प बसायचं नसतं. त्यात भर घालायची असते. लग्नाच्या बैठकीत मुलाचा मामा म्हणतो, पाच एकर. लगेच गावचा एखादा म्हणतो, पाच कसली, नदीपलीकडची धरली नाही तुम्ही. न म्हणणं हा अपमान. आणि समोरची मंडळी ऐकता ऐकताच मनात भागाकार करत असतात, त्यामुळे कोणाचं काही बिघडत नाही.

मी इंग्रजीत म्हणालो, या बाईंची बाग घराच्या पायरीला सुरू होते आणि समुद्रात संपते. (मध्ये दोन डोंगर आहेत. ते मी भाषांतरात सपाट केले.) हंगामात आंब्याचा वास इतका सुटतो, की मच्छीमार धुक्यात त्या वासावर होड्या किनाऱ्याला लावतात.

ग्रेसबाई म्हणाल्या, वॉव. जैतूनबींना इंग्रजीतलं ‘सी’ एवढं कळलं असावं. त्यांनी सावकाश मान हलवली, एखाद्या राणीसारखी. मला फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी माझं बोलणं कोणीतरी रंगून ऐकत होतं.

आणि भागणारं मात्र त्या टेबलावर कोणी नव्हतं.

युसूफने पेन खाली ठेवलं. “मग खलास. पगार उतरला तरी एवढी जमीन आहे. मदत-निधी ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्यासाठी आहे. यांना देता येणार नाही.”

थॉमस म्हणाले, “नोकरीचीही तशी घाई नाही मग. मी तिच्यासाठी ठेवलेली जागा दुसऱ्या मुलीला देतो.”

ग्रेसबाई म्हणाल्या, “आणि नोकरी नाही तर वेळच वेळ. सगळे विषय घेऊ दे.”

बघा गंमत. त्या कॉलेजात पहिल्यांदाच तिन्ही तोंडांतून एकच उत्तर निघालं, आणि ते संपूर्ण चुकीचं होतं. सुफिया बहारीनमध्ये जन्मलेली. तिला आईची मराठीही कळत होती आणि माझं इंग्रजीही. ती एक अक्षर बोलली नाही.

बाहेर पाण्याच्या मशीनपाशी ती माझ्याजवळ आली. इंग्रजीत, अगदी हळू, शिक्षकाशी बोलावं तशी म्हणाली, “सर, देअर आर इलेव्हन ट्रीज. फाइव्ह आर माय अंकल्स.”

“मग तू आत बोलली का नाहीस?”

“अम्मी बसली होती ना,” ती म्हणाली. एवढंच मराठीत.

मुहर्रक

शुक्रवारी सुट्टी. इक्बालने सकाळी मला बायकोमुलांसह सीफच्या मॉलमध्ये नेलं, कारण त्या उकाड्यात दुसरं कुठे जाणार. वाटेत करक चहा. रस्त्याकडेच्या दुकानासमोर गाडी उभी करायची, हॉर्न वाजवायचा, चहा खिडकीत येतो. आमच्याकडे हॉर्न वाजवून चहा मागितला तर चहावाला बाहेर येऊन आपल्या खानदानाची चौकशी करील. चहा मात्र फक्कड, घट्ट, वेलचीचा. मी इक्बालच्या मुलांना बिबट्याची गोष्ट सांगितली. त्यांना मराठी नीट कळते. धाकटा म्हणाला, “ओके,” आणि कानात परत ते पांढरं बटण घातलं.

“तुमचा चेहरा का पडलाय, सर?” इक्बालने विचारलं.

मी बागेचं सांगितलं. त्याने गाडी बाजूला घेतली. “सर, सुफियाच्या अब्बांच्या, हसनमियाँच्या घरचं सगळं आम्हाला ठाऊक आहे. बाग कसली? परसात झाडं आहेत. यल्ला, चला त्यांच्याकडे.”

बायकोमुलांना घरी सोडून इक्बालने मला तिकडे नेलं. मुहर्रकच्या जुन्या गल्लीत त्यांचं घर. गल्ली इतकी अरुंद, की समोरून मांजर आलं तर एकाने मागे जावं. जिन्यात फोडणीचा वास. जैतूनबींनी दार उघडलं, मला बघितलं आणि काही न बोलता आत जाऊन तवा ठेवला. भांडणाआधी पाहुण्याला खायला घालायचं, हे दापोलीत आहे तसंच इथेही पोचलेलं. तांदळाचे घावणे आले, जाळीदार, पांढरे. बरोबर माशाचं कालवण. मासा इथला, ‘साफी’ म्हणतात त्याला, पण आंबटपणा आमसुलाचा. परदेशातला मासा आपल्या आमसुलात पोहताना पाहून मला भरून आलं, आणि मी सात घावणे खाल्ले. सात खरे. भागू नका.

हसनमियाँ भिंतीला पाठ टेकून खुर्चीवर ताठ बसले होते. पाठीमुळे त्यांना दुसरं बसताच येत नव्हतं. ते फक्त म्हणाले, “पावणे, पोट भरून खा.”

मी म्हणालो, “जैतूनबी, चूक माझी झाली. पण तुम्ही त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये एवढं ओरडलात. टेबलावर खरं का नाही सांगितलंत? ती माणसं मदत करायलाच बसली होती.”

त्या तव्याकडे बघतच बोलल्या. “त्या युसूफला मी काय पण सांगीन. तो मना कुठे ओळखतो? ती फिलिपिनी बाई, तो मल्याळी, त्यांना सांगायला मना लाज नाय. आज हाय, उद्या त्यांचा व्हिसा संपला, गेली.” त्यांनी घावणा उलटला. “तुम्ही दापोलीचे. उद्या परत जाल. बाजारात उभे ऱ्हाल. लोक विचारतील, बहारीनला कोण भेटला? तुम्ही गप्प बसणारे दिसता काय?”

इक्बाल छताकडे बघू लागला.

“गावात आमच्या घरावर अजून स्लॅब नाय पडली,” त्या म्हणाल्या. “नणंदेच्या पोरीचा सोयरीक जुळायचाय. तिथे ह्यांची ड्रायव्हरी गेली, पोर मॉलमध्ये कपडे घड्या घालते, असा कळला तर? तुम्ही शेजारी येऊन बसलात नि माझा तोंड बंद झाला, मास्तर.”

मी हातातला घावणा तसाच धरून बसलो. परक्या देशात मला एक आपलं माणूस सापडलं म्हणून मी नाचत होतो. आणि त्या टेबलाभोवती जी एकच खुर्ची रिकामी हवी होती, ती मी भरली होती. परक्यांसमोर ती बाई बोलू शकत होती. अडचण एकच, आपला माणूस.

सुफिया आतून पाणी घेऊन आली. मी तिला विचारलं, “तुला काय हवंय? खरं सांग. मी बाजारात नाही सांगणार.”

तिने पेला माझ्यासमोर ठेवला. “मला फिनिश करायचंय, सर. एवढंच. पण प्रत्येक ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं. अब्बांची पाठ, मग फी, मग मी कुठल्या सब्जेक्टमध्ये फेल. तीनदा सांगून झालं. आता तिघांना एकदम. आय ॲम टायर्ड ऑफ सेइंग इट.”

हसनमियाँनी मान दुसरीकडे वळवली. पाठ वळत नव्हती, म्हणून फक्त मान.

पुन्हा कॉलेज

रविवारी तिकडे आठवडा सुरू होतो. माझं विमान संध्याकाळचं होतं. सकाळी मी डॉ. मरियम यांच्यासमोर उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही न वाढवता बोललो. बाग नाही. अकरा झाडं, त्यातली पाच काकाची. समुद्र दोन डोंगर पलीकडे. आईने बढाई मारली कारण मी बसलो होतो, आणि मी तिच्यावर कळस चढवला कारण मी मी आहे.

त्या माझ्या भुवयांकडे बघत राहिल्या. “उस्ताद, कशावर विश्वास ठेवू? बिबट्यावर की अकरा झाडांवर?”

“दोन्हींवर नको. मुलीला विचारा. एकटीला. आणि टेबल काढून टाका.”

“ते गेल्या आठवड्यातच बसवलंय.”

“मग त्यावर कॉफी ठेवा.” आणि मग मी जे बोललो ते मला स्वतःलाच नवीन होतं, कारण चाकाच्या खुर्चीवरून सरकताना ते कधी सुचलं नव्हतं. “तिने एकदाच सांगावं, आणि एकालाच. कोणाला ते तिनं ठरवावं. बाकीच्या दोघांकडे त्या माणसाने जावं, तिने नाही. तिघं एकत्र बसायचं तर बसा की, पण ती नसताना.”

त्यांनी फोन उचलला. सुफियाला बोलावलं आणि विचारलं, तू कोणाशी बोलशील? मला वाटलं ग्रेसबाईंचं नाव घेईल, बाईमाणूस म्हणून. सुफियाने युसूफकडे बोट दाखवलं. ज्याच्यावर तिची आई ओरडली होती त्याच्याकडे.

“का?” मी विचारलं.

“ही डझन्ट नो एनीवन इन दापोली.”

ते दोघं आत गेले. दार लागलं. मी उठून त्यांच्या मागे निघालो होतो, सवयीने. डॉ. मरियम यांनी नुसता हात आडवा केला. मी बाकावर बसलो. दार बंद झाल्यावर आतलं ऐकू येईल असं काही त्या इमारतीत बांधलेलंच नाही. बऱ्याच वेळाने युसूफ एकटा बाहेर आला, ग्रेसबाईंच्या खोलीत गेला, मग थॉमसच्या, मग परत संचालिकांकडे. तोब सावरत, घाईने. त्या सगळ्या वेळात मुलगी जागेवरून हलली नाही, एवढं काचेतून दिसत होतं. तिच्यासमोर कोणीतरी पाण्याची बाटली ठेवली होती.

मी डॉ. मरियम यांना विचारलं, काय ठरलं? विषय कमी होणार? सवलत राहणार? नोंदणी?

“ठरतंय,” त्या म्हणाल्या. “आणि उस्ताद, ठरलं तरी ते तुम्ही तिच्याकडूनच ऐका. तिला सांगावंसं वाटलं तर.”

इक्बाल खाली हॉर्न वाजवत होता. विमानतळाकडे जाताना तो रडायचं नाही म्हणून खूप बोलला आणि मी पहिल्यांदा कमी बोललो. सुरक्षा तपासणीच्या रांगेत मागे वळून बघितलं, तर तो फोनवर होता, शिफ्टचं काहीतरी. त्याने फोन तसाच धरून हात केला.

दापोली

घरी पोचलो. बाजारात चार लोकांनी विचारलं, बहारीनला कोण भेटलं? मी म्हणालो, एक कुत्रा भेटला, फार शिकलेला. लिफ्टमध्ये आकडे वाचायचा. त्याच्यावर मी तासभर बोललो आणि जैतूनबींचं नाव तोंडातून काढलं नाही. हे सगळं मी इथे लिहितोय ते नावं आणि गाव बदलून. तालुकाही कदाचित बदललेला असेल.

अध्यक्षांना अहवाल हवा होता. ते गोल टेबलाची मापं घेऊन बसले होते. मी म्हणालो, टेबल नको. प्रत्येक मुलाने आपला एक माणूस निवडायचा, शिपाई का असेना. त्याला एकदा सांगायचं. पुढची पायपीट त्या माणसाने करायची, मुलाने नाही.

अध्यक्षांनी मोजायची फीत गुंडाळली. मग म्हणाले, “पण मग उद्घाटन कशाचं करायचं?”

मी माझ्या तीन खिडक्यांपैकी दोन बंद केल्या. तिसरीत बसतो. मुलं येतात, इकडेतिकडे बघतात आणि विचारतात, दुसरे सर नाहीत का? ते दुसरे सर त्यांना जास्त आवडत होते.

बहारीनहून काही कळेना. इक्बालला विचारलं तर म्हणाला, सर, त्यांच्या घरचं मी विचारणं बरं दिसत नाही. तेही खरंच. सुफियाचा नंबर माझ्याकडे होता, मुहर्रकच्या घरून निघताना तिनेच दिला होता. पंधरा दिवस मी तो नुसता बघत होतो. डॉक्टरीणबाईंचा शब्द पाळायचा होता. तिला सांगावंसं वाटलं तर.

शेवटी एक दिवस सकाळी, खिडकी उघडून बसलो होतो, रांगेत कोणी नव्हतं. मी फोन उचलला आणि तिला व्हॉइस मेसेज पाठवला. नोंदणीचं एक अक्षर विचारलं नाही. कुत्र्याची गोष्ट सांगितली. बिबट्याची नवी आवृत्ती सांगितली, त्यात तो कागद पूर्ण करून परत येतो. अध्यक्षांच्या मेहुण्याचं सांगितलं. आमच्या कॉलेजच्या आवारात पाऊस कसा उलटा, खालून वर पडतो ते सांगितलं. अम्मीच्या घावण्यांना सलाम सांगितला. बोलत गेलो, बोलत गेलो, मध्येच हसलोही. खूप मोठा झाला तो मेसेज.

पाठवून फोन टेबलावर पालथा ठेवला. मग सुलटा केला. दोन निळ्या खुणा आल्या.

थोड्या वेळाने उत्तर आलं.

“इन क्लास, सर.”